दप्तराच्या डिकीचे कुलूप

"दप्तर डिकीत आहे आणि डिकीचे कुलूप उघडत नाही." अकरा दिवस रविराज गव्हाणे हे एकच वाक्य गावातल्या दोन्ही बाजूंना सांगत होता आणि दोन्ही बाजूंनी ते खरे मानले होते, कारण ते खरेच होते. कुलूप उघडत नव्हते. ते का उघडत नाही, एवढे त्याने कुणाला सांगितले नव्हते.

आष्टी तालुक्यातल्या बोरदऱ्याचा तो ग्रामसेवक. सरकारी कागदावर आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, गावाच्या तोंडी मात्र तो भाऊसाहेबच. त्याच्याकडे तीन गावांचा कार्यभार होता आणि तीनपैकी एकाही ठिकाणी दप्तर ठेवण्याजोगे कपाट नव्हते. बोरदऱ्याच्या कार्यालयातल्या कपाटाचा तळ गंजून गेला होता. त्यामुळे शिक्का, शाईचा पॅड आणि ग्रामसभेत काय ठरले ते लिहून ठेवायचे प्रोसिडिंग बुक हे सारे त्याच्या मोटारसायकलच्या उजव्या बाजूला बसवलेल्या काळ्या पत्र्याच्या डिकीतून त्याच्याबरोबर फिरत असे. गाडी पारापाशी दिसली की म्हातारी माणसे विचारत, "पंचायत आली का?" यात कुणाला विनोद वाटत नसे.

प्रोसिडिंग लिहिण्याची त्याची एक रीत होती; किंबहुना तालुक्यातल्या बहुतेकांची तीच होती. ग्रामसभा संपली की लोकांना शेताची, गुरांची घाई असते. ठराव लिहून होईपर्यंत कोण थांबणार? म्हणून पानाचा वरचा अर्धा भाग कोरा सोडायचा, खाली सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या आणि ठराव घरी जाऊन स्वच्छ अक्षरात लिहायचा. नऊ वर्षे हे बिनबोभाट चालले होते. आपली सही कोऱ्या कागदाखाली आहे, असे कुणाच्या मनातही आले नव्हते. भाऊसाहेब लिहितील, एवढे पुरेसे होते.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर भरलेल्या ग्रामसभेत गायरानाचा विषय निघाला. डोंगराकडेची अडतीस एकर जमीन बौद्धवस्तीतली अकरा घरे चाळीस वर्षे कसत आली होती. दगड वेचून, उतारावर बांध-ताली घालून त्यांनी तिथे बाजरी आणि तूर पिकवली होती. आता त्याच जमिनीवर एका कंपनीला सौर प्रकल्प उभारायचा होता. सभेने हात वर करून ठरवले की जमीन कसणाऱ्यांकडेच राहावी आणि ती त्यांच्या नावे करण्याची शासनाला विनंती करावी. सरपंच केशरबाईंनीही हात वर केला. त्यांचे यजमान विठ्ठलराव, ज्यांच्या शब्दावाचून गावात पान हलत नसे, त्या दिवशी पाहुण्याला दवाखान्यात दाखवायला नगरला गेले होते. रविराजने नेहमीप्रमाणे अर्धे पान सोडून सह्या घेतल्या. कोऱ्या राहिलेल्या ओळी अकरा होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी विठ्ठलरावांनी त्याला चहाला बोलावले आणि कपाखाली एक चिठ्ठी सरकवली. गायरान पडीक असून त्यावर कोणाचीही वहिवाट नाही, सबब प्रकल्पास ग्रामसभेची हरकत नाही, असा मजकूर होता. बरोबर अकरा ओळींत बसेल एवढाच.

"सभेत वेगळं ठरलंय," रविराज म्हणाला होता.

"तिला काय कळतंय? सगळ्यांनी हात वर केला म्हणून हिनं केला," विठ्ठलराव म्हणाले. मग आवाज न चढवता त्यांनी पुस्ती जोडली, "तुमच्या मुक्कामाचा ठराव बी ह्याच वहीत हाय, भाऊसाहेब. आमी तो कवा काढला न्हाई."

मुक्कामाचा ठराव म्हणजे 'ग्रामपंचायत अधिकारी गावातच राहतात' हा ग्रामसभेचा दाखला. तो जोडल्याशिवाय पगारात घरभाडे भत्ता मिळत नाही. रविराज पत्नी संस्कृती आणि मुलीसह आष्टीला राहत होता. बोरदऱ्यात तो एक रात्रही राहिला नव्हता. दरवर्षी तो ठराव असाच, सह्यांच्या वर, मागाहून लिहिला जाई.

त्या दुपारी घरी परतताना ओढ्याच्या पुलावर त्याने गाडी थांबवली. चिठ्ठीतला मजकूर लिहिला तर अकरा घरे उठणार. सभेतले लिहिले तर चौकशी, वसुली, कदाचित निलंबन. तो बराच वेळ कठड्याला टेकून उभा राहिला. मग त्याने काडीपेटीतली एक काडी डिकीच्या कुलपात खुपसून मोडली, वर फेव्हिक्विकचे दोन थेंब सोडले आणि फुंकर घालून वाळवले. पुढचे काही दिवस त्याला इतकी शांत झोप लागली की त्याचीच त्याला लाज वाटली.

पण मोडलेल्या काडीने तारीख पुढे जात नाही. तहसील कार्यालयात गायरानाची सुनावणी सत्तावीस तारखेला लागली आणि दोन्ही बाजूंना ग्रामसभेचा ठराव हवा होता. सव्वीसला दुपारी रविराज बोरदऱ्यात पोचला, तेव्हा बौद्धवस्तीतल्या पारूबाई कांबळे कार्यालयाच्या पायरीवर बसल्या होत्या. शेजारी त्यांची नात आरोही होती, वस्तीतली सात-आठ माणसे होती आणि खांद्याला पिशवी अडकवलेला एक अनोळखी माणूस.

"जयभीम, भाऊसाहेब," पारूबाई म्हणाल्या. "आष्टीहून पप्पू मिस्त्रीला आणलंय. जीपवाला जागा देत नव्हता, तवा ह्याला बोनेटवर बसवते म्हणले. मग दिली."

"मी आज गाडी शोरूमला टाकणारच होतो," रविराज म्हणाला.

"तुमी कवाधरनं टाकताय. आता टाकू नका, उभी करा."

गाडी उभी करण्यावाचून इलाज नव्हता. पप्पू डिकीसमोर उकिडवा बसला. चाळिशीचा, बडबड्या माणूस. हात मात्र सावकाश चालणारे. मोबाइलचा उजेड चावीच्या भोकात टाकून त्याने एक डोळा मिटला.

"चावी हाय का, भाऊसाहेब?"

रविराजने किल्ल्यांच्या जुडग्यातली चावी काढून दिली. ती टोकापलीकडे आत जाईना. पप्पूने बारीक सुई घालून पाहिली, सुईचे टोक नखावर घासले, वासही घेतला.

"ह्यात काडी हाय," तो म्हणाला. "काडीपेटीची. वरून फेव्हिक्विक. हे कुलूप बिघडलेलं न्हाई, बिघडवलेलं हाय."

रविराज एक पाऊल मागे सरकला. कार्यालयाच्या भिंतीपासून गाडीपर्यंत चार पावलांची जागा होती आणि ती माणसांनी भरली होती. नेमके त्याच वेळी विठ्ठलराव आपली चार-पाच माणसे घेऊन आले. कुणीतरी आतून खुर्ची आणली. ते बसले, पप्पूकडे पाहिले, मग पारूबाईंकडे.

"मिस्त्री कुणी बोलावला?"

"आमी," पारूबाई म्हणाल्या. "उद्याला सुनावणी हाय. ठराव लागतोय."

"मला बी लागतोय. बरं झालं आणला." विठ्ठलरावांनी मान डोलावली. "काय म्हन्तोस मिस्त्री, कुणी केलंय हे?"

"आता कुलपाला तोंड असतं तर त्यानं सांगितलं असतं, मालक. तोंडच बुजवलंय."

दोघे-तिघे हसले. विठ्ठलरावही हसले, आणि हसतच त्यांनी आरोहीकडे पाहिले. "झेंड्याच्या दिवशी सभा सुटल्यावर ही पोरगी गाडीपाशी उभी व्हती. हातात फोन व्हता. मी न्हवतो, पर मला सांगणारे हायती. काय गं, काय करीत व्हतीस?"

"रेंज तिथंच येती," आरोही म्हणाली. "सगळे तिथंच उभे राहत्यात. तुमचे पण."

"राहत असतील. पर सरकारी दप्तराला हात लावला म्हंजी गुन्हा असतो." ते रविराजकडे वळले. "भाऊसाहेब, तक्रार द्यावी लागंल तुमाला. उगं आपल्यावर नको." आणि पुन्हा आरोहीकडे पाहत, जणू चौकशी करावी तसे म्हणाले, "पोलीस भरतीचा फारम भरलायस ना, बाळ?"

आरोहीचा चेहरा उतरला. ती दोन वर्षे पहाटे डांबरी रस्त्यावर धावत होती. रविराज तिला येताजाता पाहत असे. नावावर गुन्हा दाखल झाला की भरती संपली, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. वस्तीतला एकजण म्हणाला, "न्हाई वो, काडी तुमच्याच माणसांनी घातली. ठराव बाहेर येऊ नये म्हणून." दुसऱ्या बाजूने उत्तर आले. आवाज वाढू लागले. दोन्ही बाजू एकमेकींवर आळ घेत होत्या आणि मधे उभ्या असलेल्या माणसाकडे कुणी पाहत नव्हते. गप्प राहणे इतके सोपे होते की रविराजला भीती वाटली.

"काडी मी मोडली," तो म्हणाला.

ते पहिल्यांदा कुणाला ऐकू गेले नाही. त्याला पुन्हा म्हणावे लागले.

आता पप्पूनेही मान वर केली. पारूबाईंनी पदर सारखा केला. "कावून, भाऊसाहेब?"

"लिहायचं नव्हतं म्हणून."

"काय लिवायचं नव्हतं?"

"काहीच."

पारूबाईंनी ते मनाशी घोळवले. त्या रागावल्या नाहीत; रागावल्या असत्या तर बरे झाले असते. "म्हंजी आमचं बी न्हाई," त्या म्हणाल्या. "अकरा दिस मी ह्यांना सांगत व्हते, का भाऊसाहेबाचं कुलूप बिघडलंय, मानूस चांगला हाय."



"फोड रे," पारूबाईंनी पप्पूला सांगितले.

पप्पूने पिशवीतून बॅटरीवरचे ड्रिल मशीन काढले. आधी बारीक बिट लावून कुलपाच्या मधोमध खूण केली, मग जाड बिट चढवला. पितळेचा चुरा कातरलेल्या केसांसारखा गोल गोल होऊन खाली पडू लागला. मशीनच्या आवाजात कुणी बोलू शकत नव्हते. कुलपाचा गाभा एकेका सुताने पोकळ होत होता आणि रविराजला वाटत होते की आपल्याभोवतीची भिंतच कुणी कोरून काढत आहे. तिच्याआड काय होते? एक पान, तेही अर्धे कोरे. पप्पूने स्क्रू-ड्रायव्हर घालून फिरवला. आतला तुकडा खळकन डिकीत पडला आणि झाकण उघडले.

वही पारूबाईंनी नाही, विठ्ठलरावांनी मागितली. पंधरा ऑगस्टचे पान त्यांनी पाहिले. वर अकरा रिकाम्या ओळी, खाली केशरबाईंची वळणदार सही, मग बाकीच्या. पाचवी पारूबाईंची, साक्षरता वर्गात गिरवलेली, एकेक अक्षर सुटे. कोऱ्या ओळी पाहून विठ्ठलरावांचा चेहरा निवांत झाला.

"कोरंच हाय. मग भांडण कशाचं?" त्यांनी वही रविराजपुढे धरली. "घरी न्या. सावकाश लिवा. सकाळी थेट तहसीलला घेऊन या."

"हितंच लिवा," पारूबाई म्हणाल्या. "आता लिवा. आमी हावोत."

"आजवर कुणी असं उभं राहून लिवून घेतलंय का? कोऱ्यावर सही केलीस तवा न्हाई इचारलंस ते?"

"न्हाई इचारलं. ती चूक झाली, मालक. म्हनून तर आज उभी हाय."

विठ्ठलरावांनी वहीची पाने मागे उलटली. रविराजला कळले की ते काय शोधत आहेत. ते पान त्यालाही पाठ होते. त्यांनी चष्मा लावून, प्रत्येक शब्द वेगळा करत वाचले, "'ग्रामपंचायत अधिकारी श्री. गव्हाणे हे मौजे बोरदरा येथे मुख्यालयी कायम वास्तव्यास आहेत, याची ही ग्रामसभा खात्री देते.'"

"कुन्च्या घरात राहत्यात?" मागून कुणीतरी विचारले.

"डिकीत," पप्पू म्हणाला.

या वेळी सगळेच हसले, वस्तीतलेही. रविराज उभा राहिला. त्याला वाटले होते की हे कधी उघड झाले तर जमीन दुभंगेल. प्रत्यक्षात लोक फक्त हसले, कारण ते त्यांना नऊ वर्षे माहीत होते. घाबरायचे होते ते लोकांना नव्हे. त्या पानाची प्रत काढून वरच्या कार्यालयात देणाऱ्या हाताला. आणि तो हात आता वही त्याच्याकडे परत देत होता.

"बघा भाऊसाहेब. एका वहीत दोन ठराव. एक खरा म्हणायचा, तर दुसऱ्याचं बी बघावं लागंल."

रविराजने वही घेतली. कार्यालयातले टेबल बाहेर आणावे असे त्याला सुचले नाही. त्याने ती गाडीच्या सीटवर ठेवली आणि वाकून लिहायला सुरुवात केली. घरी लिहिताना त्याचे अक्षर मोत्यासारखे येई. आज ते ओळीवर ठरत नव्हते. शूर झाल्यासारखे त्याला मुळीच वाटत नव्हते. पुढे पारूबाई, बाजूला विठ्ठलराव, मागे भिंत. त्याने फक्त एवढे पाहिले की यांच्यापैकी एकाच माणसाने त्याच्यावर अकरा दिवस विश्वास टाकला होता.

आरोही त्याच्या खांद्यावरून पाहत प्रत्येक ओळ मोठ्याने वाचू लागली. "'गट क्रमांक दोनशे चौदामधील गायरान जमिनीवर खालील अकरा कुटुंबांचे अतिक्रमण...'"

"थांबा," पारूबाई म्हणाल्या. "सभेत असं न्हवतं म्हणलं. आमी चाळीस वर्सं कसतोय, असं म्हणलं व्हतं. तेच लिवा."

ऑफिसच्या सवयीने आलेला शब्द त्याने खोडला, समासात छोटी सही केली आणि 'कुटुंबे सुमारे चाळीस वर्षे कसत असून' असे लिहिले. ओळी अपुऱ्या पडू लागल्या. अकरा कुटुंबप्रमुखांची नावे, सौर प्रकल्पास हरकत, शासनाला विनंती, ठराव सर्वानुमते मंजूर. शेवटची ओळ केशरबाईंच्या सहीच्या मात्रेला टेकली. शिक्का मारताना पॅड कोरडा निघाला. तोंडची वाफ देऊन त्याने दोनदा मारला.

आरोहीने पानाचे फोटो काढले. विठ्ठलराव खुर्चीवरून उठले नाहीत.

इकडे पप्पूने जुन्या कुलपाची चौकट काढून नवे बसवले होते. दोनदा उघडून, दोनदा लावून पाहिले. "हे नीट हाय. काडी घालू नका ह्यात, भाऊसाहेब," असे म्हणून त्याने तारेत ओवलेल्या दोन चाव्या रविराजच्या हातावर ठेवल्या.

रविराजने वही आत ठेवली आणि डिकी लावली. मग त्याने तारेतली एक चावी सोडवली, पारूबाईंकडे गेला आणि जरा विचार करून दुसरीही सोडवली.

"या तुमच्याकडे ठेवा," तो हळू म्हणाला. "सुनावणी होईपर्यंत. उद्या मी वस्तीवर येतो, तुम्हीच उघडा. म्हणजे मला कुणी काही म्हणालं तर मी सांगू शकतो की चावी माझ्याकडे नाही."

पारूबाईंनी चाव्या घेतल्या नाहीत.

"म्हंजी पुन्यांदा काडीच," त्या म्हणाल्या. आवाजात कठोरपणा नव्हता. "दप्तर तुमचं हाय, भाऊसाहेब. त्याची चावी मी कशाला घेऊ? उद्या ते म्हन्तील, म्हातारीनं पान बदललं. तुमीच ठेवा. कुणी मागितली तर न्हाई म्हणा."

"मग मला द्या एक," विठ्ठलराव खुर्चीवरूनच म्हणाले. त्यांनी तळहात पुढे केला, अगदी सहज, पान-सुपारी मागावी तसा. "सरपंचाच्या घरी एक चावी असलेली बरी. पुन्हा कुलूप अडकलं तर मिस्त्री बोलवायला नको."

सगळे ऐकत होते. रविराजला नेहमीची वाक्ये आठवू लागली. नियमात बसत नाही. साहेबांना विचारून सांगतो. उद्या दुसरी करून देतो.

"देता येत नाही," तो म्हणाला.

"देता येत न्हाई, का देत न्हाई?"

पप्पू पिशवी आवरत होता. त्याचे हात थांबले.

"देत नाही," रविराज म्हणाला.

विठ्ठलरावांनी हात मागे घेतला, गुडघ्यावर ठेवला आणि काही वेळ त्या हाताकडेच पाहिले. "बरं," ते म्हणाले. "त्या मुक्कामाच्या ठरावाची नक्कल मला लागंल. रीतसर अर्ज देतो. किती दिवसांत देता?"

"सात दिवसांत."

"सात दिवसांनी येतो."

त्यांनी धोतराचा सोगा सावरला आणि ते घराकडे निघाले. वस्तीतली माणसे उद्या तहसीलला कोणत्या जीपने जायचे, हे ठरवू लागली. पारूबाई रविराजला काहीतरी म्हणणार होत्या. पण आरोहीने त्यांना हाक मारली आणि त्या वळल्या.

रविराजने दोन्ही चाव्या पुन्हा तारेत ओवल्या. संस्कृतीला आज सांगावे लागणार होते: घरभाड्याचे, चौकशीचे, कदाचित माजलगावकडे होणाऱ्या बदलीचे. कुठून सुरुवात करावी ते त्याला सुचेना. तो गाडीवर बसला. पप्पूने विचारले, "आष्टीलाच चालला ना, भाऊसाहेब? येऊ का मागं?"

"बस," रविराज म्हणाला.